रेकॉर्ड सुखरूप आहे, काळजी नसावी

मु. पो. कळंब, जि. यवतमाळ
सोमवार, दुपारचं जेवण आटोपल्यावर

श्रीयुत साडूभाऊ बबनराव यायले कळंबहून सदाशिवचा मनापासून रामराम.

आम्ही इकडे चिंतामणीच्या कृपेनं ठीक आहो. तुमच्या गुडघ्याचं काय झालं? विमल म्हणते का निर्गुडीचा पाला गरम करून बांधा. मी म्हटलं, पुण्यातल्या माणसाले निर्गुडी म्हणजे एखाद्या सोसायटीचं नाव वाटंल. साळीबाईची शुगर ताब्यात आहे असं समजलं, आनंद वाटला. (मागच्या खेपेले आमच्या इथं त्यायनं पुरणपोळ्यांचा जो समाचार घेतला, तो पाहून मले तसं वाटलं नव्हतं.) तुमची रेकॉर्ड सुखरूप आहे. हे पहिलेच लिहून टाकतो, कारण पाकीट फोडल्याबरोबर तुम्ही तेवढंच हुडकाल अन् आमची बाकी खुशाली तशीच राहून जाईल.

फोन काहून नाही केला, असं तुम्ही म्हणाल. राग नका मानू, पण फोनवर तुम्ही समोरच्याले बोलू देत नाही. मी ‘हॅलो’ म्हणतो अन् तुम्ही सुईच्या टोकावरचा हिरा कसा पाह्यजे ते सांगाले लागता. पत्रात कसं, माणूस शेवटपर्यंत बोलू शकते.

तर झालं असं. प्रेरणाचं तुम्हाले माहीतच आहे. पोरगी लोहाऱ्याच्या एमआयडीसीत सुताच्या कारखान्यात क्वालिटी पाहाते. दिवसभर धाग्यात गाठ कोठी आहे ते हुडकाचं, हेच तिचं काम. अन् तीच सवय तिनं स्थळायले लावली. जो पोरगा पाहाले येई त्याच्यात तिले गाठ दिसे. एकानं म्हटलं, मले वाचनाची आवड आहे. इनं विचारलं, सध्या काय वाचून राह्यले? संपलं स्थळ. विमल रडे, मी चिडे, अन् शेजारचे लोकं रोज नवीन पोरगा सुचवत, जसं काही घरात पोरगी नाही, रिकामा प्लॉट आहे. अशात फुलसावंगीच्या आमच्या आत्याभावानं यवतमाळचं स्थळ आणलं. ऋतिक नाव, गुराढोरायचा डॉक्टर, सरकारी. दोघं यवतमाळले एकदा चहा प्याले भेटले, अन् घरी येऊन प्रेरणा म्हणते, "हौ, चालते." साडूभाऊ, ‘चालते’! या पोरीच्या तोंडून हा शब्द मी आजवर फक्त तिच्या जुन्या स्कुटीबद्दल ऐकलता. विमलनं त्याच दिवशी चिंतामणीले पेढे वाहिले. मीबी आतून लय हाललो, खोटं काहून बोलू? पोरगी मनासारख्या घरी जावी, बापाचं दुसरं मागणं काय असते?

पण पोरापेक्षा पोराचा बाप मोठा. इंद्रजितराव! बँकेतून रिटायर, अन् यवतमाळच्या जाझ रसिक मंडळाचे संस्थापक अध्यक्ष. (हे मंडळ दर शनिवारी भरते. मी चौकशी केली. अर्धे सभासद घरचा टीव्ही सुनेच्या ताब्यात आहे म्हणून जातात, अन् अर्धे तिथल्या आलुबोंड्यासाठी.) त्यायचा फोन आला. एकदम शुद्ध भाषेत म्हणाले, "सदाशिवराव, आम्हाला हुंडा नको, मानपान नको. मुलगी कशीही चालेल, पण घराला कान हवा." मी मनात म्हटलं, लय सस्त्यात पडलं. मंग विचारलं, "आपल्याकडे विनाइल ऐकलं जातं का?" (विनाइल म्हणजे तुमच्या त्या काळ्या रेकॉर्डी, हे मले मागून समजलं.) आता अशा वेळी पोरीच्या बापानं काय म्हणावं? मी सोयाबीन फवारून राह्यलो होतो. पाठीवर पंप, कानाशी फोन. म्हटलं, "हौ तर! सकाळ-संध्याकाळ. त्याच्याशिवाय आमच्या घरी कोणाले जेवण पचत नाही." ते खूश झाले. म्हणाले, "मग मुलगी पाहण्याचा कार्यक्रम आपल्याकडच्या बैठकीतच होऊ द्या. सॅक्सोफोनचं काही जुनं, अस्सल असू द्या." अन् मी थेट तुमच्याकडे शब्द टाकला.

तुम्ही मनाचे मोठे. त्या अमेरिकेतल्या सॅक्सोफोनवाल्याची आपल्या लहानपणची रेकॉर्ड, आता नव्यानं काढलेली, परदेशातून मागवलेली, तुम्ही स्वतः जेमतेम ऐकलेली. ती तुम्ही पोरीच्या लग्नासाठी ट्रॅव्हल्सवाल्याच्या हाती पाठवली. माझ्या डोळ्यात पाणी आलं. मंग संगं आलेल्या सूचना वाचल्या अन् ते पाणी वाळलं. (एवढ्या सूचना आपल्या सासऱ्यायनं विमलले माझ्या घरी पाठवताना दिल्या नव्हत्या.) बोटानं शिवाचं नाही, फक्त कडेनं धराचं, ऊन नाही, धूळ नाही, उभी ठेवाची, आडवी ठेवाची नाही, तिरपी तर मुळीच नाही. तुम्ही लिहिलं का नेहमीपेक्षा वजनदार आहे, एकशे ऐंशी ग्रॅमची. आम्ही कृषी केंद्राच्या काट्यावर मोजली, बरोबर भरली, माल खरा आहे. तुम्ही हेबी लिहिलं का जुन्या टेपवरून नव्यानं काढल्यामुळं सुरांच्या मधातली शांतता साफ ऐकू येते. साडूभाऊ, शांतता ऐकाची तर आमच्या वावरात या, तुरीच्या ओळीत बसा. कव्हरवर तो बाबा टोपी घालून, मान खाली टाकून बसला आहे, सारा निळा-निळा. विमलनं पाहून विचारलं, "याले काय झालं? घरचे पाहात नाहीत काय?"

रेकॉर्ड आली, पण वाजवाची कशावर? तर आमचा शब्बीर. शब्बीर साउंड सर्व्हिस. लग्न, बारसं, उरूस, गणपती, सारं करते. त्याच्या अब्बाच्या वेळचा रेकॉर्ड प्लेअर गोदामात पडून होता, तो त्यानं झटकून आणला. शब्बीरची एक खोड आहे. एखादी गोष्ट आपल्याले माहीत नाही, असं त्याच्या तोंडून निघत नाही. म्हणे, "भाऊ, जाझ तर आपल्या अब्बानं बाभुळगावच्या जत्रेत लय वाजवला." (जत्रेत हे वाजलं असतं तर लोकायनं अब्बाले घरी येऊ दिलं असतं काय?) सवयीनं त्यानं दोन भोंगेबी आणले, एक दारावर बांधला, एक लिंबावर. म्हटलं, घरातल्या घरात ऐकाचं आहे बाप्पा, भोंगे कायले? तर म्हणे, "भाऊ, पोरीचं काम आहे. मोहल्ल्याले समजलं नाही तर काय फायदा?" मुद्दा मले पटला.

आता जे सांगतो ते शांतपणे वाचा, अन् वाचून झाल्यावरबी शांतच राहा. आपल्या घरात नवीन वस्तू आली का तिले हळद-कुंकू लागते. ट्रॅक्टरले लागलं, फ्रिजले लागलं, फवारणीच्या पंपाले लागलं, प्रेरणाच्या लॅपटॉपलेबी लागलं. तुमच्या घरी नाही लागत काय? साळीबाई विमलच्याच माऊलीची लेक आहे. अन् ही तर पोरगी पाहाच्या दिवशी पाव्हण्यापुढं मांडाची वस्तू, अन् तीबी काळी कुळकुळीत! शुभकार्यात काळं? विमलनं सकाळी कव्हरातून बाहेर काढली अन् कपाळाले हात लावला. "बाई गं, अशी कोरी कशी मांडाची?" मंग तिनं पाट मांडला, रेकॉर्ड ठेवली, ओल्या कुंकवाचं स्वस्तिक काढलं, हळदीचे पट्टे ओढले, अक्षता टाकल्या, झेंडूचं फूल वाहिलं, नारळ फोडला. तुमची एकबी सूचना मोडली नाही, हे ध्यानात घ्या. कडेनंच धरलती. बोटानं शिवाचं नव्हतं, म्हणून कुंकू कापसाच्या बोळ्यानं लावलं, अन् कापूसबी घरचा, पहिल्या वेचणीचा. (आडवी ठेवली हे खरं, पण उभ्या रेकॉर्डीची पूजा कशी कराची ते तुम्ही लिहिलं नव्हतं.) मी पाह्यलं तेव्हा कुंकू वाळलं होतं. दुपट्ट्यानं हलक्या हातानं पुसलं, तर वरचं गेलं अन् बाकीचं रेघोट्यात जाऊन बसलं. म्हटलं असू दे, शुभच आहे.

सकाळीच चिंतामणीचं दर्शन घेऊन पाव्हणे आले. इंद्रजितराव, त्यायच्या मिसेस अन् ऋतिक. इंद्रजितरावांनी आल्या आल्या सोफा भिंतीपासून सरकवला, पडदे ओढले, पंखा बंद केला (ऑक्टोबरात! कळंबात!) अन् म्हणाले, "पोहे नंतर. चावताना शेंगदाणा सुराच्या आड येतो." शब्बीरनं सुई ठेवली. सुरुवातीले, देवाशपथ सांगतो, बरं वाटलं. एखादा माणूस घरी भांडून निघावा अन् रस्त्यानं स्वतःशीच बोलत जावा, तसं तो बाबा वाजवत होता. अन् मंग कुंकू आलं. टँ-टारा-रा-टूं. पुन्हा टँ-टारा-रा-टूं. पुन्हा तेच. म्हटलं असंल, आपल्या भजनातबी ध्रुपद फिरून येतेच. पण ध्रुपदामागून कडवं येते ना? इथं कडवं काही येईच ना. शब्बीरनं माझ्याकडे पाह्यलं अन् हात सुईकडे नेला. मी इंद्रजितरावाकडे पाह्यलं. डोळे मिटलेले, मान हालून राह्यली, मांडीवर बोटं नाचून राह्यली. अन् तोंडातून निघालं, "वा! काय हट्ट आहे!" मी शब्बीरले डोळ्यानंच दटावलं.

झालं! त्याच्यानंतर कोणाची टाप होती? टँ-टारा-रा-टूं. इंद्रजितराव म्हणाले, "ही पुनरावृत्ती नव्हे, ही खोली आहे." मी म्हटलं, वा. त्यायच्या मिसेस म्हणाल्या, वा. सैपाकघरातून विमल म्हणाली, वा. शब्बीरले सारं दिसून राह्यलं होतं, तोबी म्हणे, "क्या बात है, पूरा अब्बा के जैसा!" इंद्रजितरावांनी खिशातून मोबाइल काढून रेकॉर्डिंग करून घेतलं, मंडळाले ऐकवाले. अन् बाहेर ते भोंगे! लिंबावरून साऱ्या मोहल्ल्याले टँ-टारा-रा-टूं. शब्बीरची आई हुस्नाबी काठी टेकत दारात आली, म्हणे, "बेटा, किसकी गाडी रिव्हर्स में अटक गई?" मी तिले हातानंच चूप केलं. पोहे थिजले, चहावर साय धरली, मले घामाच्या धारा लागल्या, तरी कोणी हालेना. एकटा ऋतिक सतरंजीकडे पाहात बसलता अन् त्याचे कान लाल झालते.

अन् मंग प्रेरणा उठली. लोकं तिले पाहाले आलते, अन् तोवर तिच्याकडे कोणी धड पाह्यलंबी नव्हतं. सरळ गेली अन् सुईचा दांडा उचलला. "काका, ती अडकली आहे," म्हणे. "मघापासून." घर एकदम चूप झालं. (तुम्ही लिहिलेली शांतता ती हीच असंल तर मले आवडली नाही.) अन् त्या शांततेत ऋतिक हासला. हळू नाही, खो खो हासला, डोळे पुसू पुसू. इंद्रजितराव लालबुंद! "मुली, जाझ समजायला जन्म जावा लागतो." प्रेरणानं पडदा सारला, रेकॉर्ड उजेडात धरली (कडेनं, कडेनं) अन् रेघोट्यातलं कुंकू दाखवलं. म्हणे, "जन्म नाही लागत काका, आईनं सकाळी पूजा केली." इंद्रजितराव उठले. "मी जे ऐकलं ते मी ऐकलं," एवढं बोलून चपला घातल्या अन् निघाले. नारळाचा प्रसाद तेवढा घेऊन गेले.

मंग माझं डोस्कं फिरलं. मी प्रेरणाले नाही नाही ते बोललो. चालून आलेलं स्थळ पायानं लोटलं म्हटलं, घडीभर चूप बसली असती तर काय बिघडलं असतं म्हटलं. ती म्हणे, "बाबा, आज सुईपायी चूप बसली तर पुढं जन्मभर कशा-कशापायी बसू?" आजकालच्या पोरींना तोंडच लय. पण रात्री जेवली नाही ती. अन् विमल एकीकडे रडून राह्यली का माझ्याच कुंकवानं माझ्या लेकीचं कुंकू अडवलं. आता तुम्हीच सांगा, अशा घरात माणसानं कापूस कवा वेचावा अन् सोयाबीन कवा विकावं?

बाकी सर्व क्षेम आहे. सहज खुशाली कळवावी म्हणून लिहिलं, दुसरं काही काम नाही. साळीबाईले नमस्कार, अन् तुमच्या त्या केसाळ कुत्र्याले जे काही म्हणत असाल ते.

तुमचाच साडू,
सदाशिव

ता. क. एक लहानसं काम आहे. इंद्रजितरावांचा गुरुवारी फोन आलता. पोरगा अडून बसला आहे, केलं तर हिच्याशीच करीन म्हणते. म्हणून त्यायची ना नाही. पण अडचण अशी झाली का त्यायनं ते मोबाइलमधलं टँ-टारा-रा-टूं मंडळात ऐकवलं. साऱ्या मंडळानं माना डोलावल्या, आलुबोंडे थंड होऊ दिले. पण प्रेमसिंग राठोड म्हणून एक रिटायर पोस्टमास्तर आहेत, त्यायच्याजवळ हीच रेकॉर्ड जुनी आहे. त्यायनं विचारलं, हा तुकडा माझ्याकडच्या रेकॉर्डीत काहून नाही? इंद्रजितराव म्हणाले, नव्या आवृत्तीत आहे. आता ते सिद्ध कराले पाह्यजे, नाही तर त्यायची अध्यक्षपदाची खुर्ची हालते. मी सांगून बसलो का आमचे साडू म्हणजे पुण्यातले मोठे जाणकार. तर तुम्ही एवढं लिहून द्या: ‘प्रमाणित करण्यात येते की, सदर नवीन आवृत्तीत वादकाने टँ-टारा-रा-टूं हा भाग हेतुपुरस्सर, मनःपूर्वक व अखंड वाजविला असून त्याचा कुंकवाशी कोणताही संबंध नाही.’ खाली सही करा. शिक्का असला तर मारा, सोसायटीचाबी चालते. मंडळ तुमचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करणार आहे. प्रमाणपत्र आलं का साखरपुडा, नाही तर नाही. पोरीच्या जिवाचा प्रश्न आहे साडूभाऊ, नाही म्हणू नका.

आणखी ता. क. रेकॉर्ड परत मागू नका. ती मानाची वस्तू म्हणून साखरपुड्यात त्यायलेच मिळावी, अशी इंद्रजितरावांची इच्छा आहे, म्हणजे कोण्या प्रेमसिंगाच्या हाती लागाले नको. कव्हर तुम्हाले परत पाठवतो. फ्रेम करून भिंतीवर लावलं तर आतमधी काही नाही, हे कोणाले समजत नाही.

ता. क. इथून पुढचं अक्षर माझं, प्रेरणाचं. काकाजी, नमस्कार. बाबानं पाकीट चिकटवाले मले दिलं, म्हणून वाचलं. प्रमाणपत्र पाठवू नका. रेकॉर्ड मी अन् ऋतिकनं त्याच्या दवाखान्यात धुतली. कोमट पाणी, साबणाचा फेस, अन् तो जनावराची जखम धुते तसा हात. जवळपास सारं कुंकू निघालं. एका जागी अजून टक् करते, त्याची माफी मागते, पण थांबत नाही, पुढं जाते. मी ऋतिकले सांगतलतं का तू आमच्या घरी हासला ते मले आवडलं, पण हासणं सोपं आहे. एकदा तुझ्या बाबासमोर तोंडानं म्हण, ती अडकली होती. नाही तर माझी ‘हौ’ मी परत घेतली. गाईच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालणारा माणूस, पण एवढं म्हणाले त्याले घाम फुटला. मले वाटलं, गेलं हे. लय वाईट वाटलं, कारण मले तो आवडते. परवा शनिवारी मंडळात तो साऱ्यांपुढं उठला. मी मागच्या खुर्चीत बसली होती. म्हणे, "बाबा, ती अडकली होती. मले तवाच समजलं होतं. मी बोललो नाही." मंग एकेक सभासद सांगाले लागला का मले तर पहिलेच शंका आलती. इंद्रजितकाकांनी फक्त एवढं विचारलं, "मग त्याच्या पुढं काय आहे?" आम्ही रेकॉर्ड नेली होती, लावली. दोन्ही बाजू त्यायनं डोळे उघडे ठेवून ऐकल्या. एकदाबी ‘वा’ म्हणाले नाही. संपल्यावर चष्मा काढला, बराच वेळ पुसला, अन् मले म्हणाले, "पुन्हा लाव गं."

रेकॉर्ड साखरपुड्यात तुमच्याच हाती देणार आहो, अन् इंद्रजितकाकांनी पुढचा रविवार पक्का केला आहे, म्हणून तुम्ही दोघं नक्की या. बाबाले यातलं अजून काहीच माहीत नाही. मीच सांगीन, असं मी इंद्रजितकाकांना सांगून ठेवलं आहे. बाबा आत्ता माझ्यासमोर बसून तुमच्या प्रमाणपत्राची पक्की प्रत काढून राह्यले. संध्याकाळी जेवताना सांगते. आधी सांगतलं असतं तर त्यायनं हे पत्र पोस्टात पडू दिलं नसतं.